डाव्या विंगेतल्या बाई

शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला तेव्हा ती तोंडात टाचण्या धरून एका हॉटेलच्या पडद्याला चुण्या घालत होती, त्यामुळे बराच वेळ तिच्याकडून नुसतं ‘हं, हं’ चाललं होतं. मैत्रिणीला त्याचं काही वाटलं नाही. शाळेतही त्या दोघींचं असंच असायचं. एकीने बोलायचं, दुसरीने हं म्हणायचं. फरक एवढाच, की बोलणारी आता त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली होती आणि हं म्हणणारी नवऱ्याबरोबर पडद्यांचं दुकान चालवत होती.

काम साधं होतं. शाळेच्या सभागृहातला मखमली पडदा जागोजागी विरला होता, मुलांचं नाटक तोंडावर आलं होतं. शाळेला सुट्टी आहे, कुणी अध्येमध्ये येणार नाही, एखाद्या दुपारी येऊन माप घेऊन जा, असं मैत्रिणीचं म्हणणं.

“येते,” टाचण्या काढून ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की शाळा सोडल्यापासून आपण त्या फाटकातून एकदाही आत गेलो नाही. शेजारच्या गावात राहून. जायचं कारणच पडलं नव्हतं.

नवरा मात्र खुशीत आला. तो बायकोच्या अगदी उलट. झोपेतही बोलणारा माणूस. बायकोची शाळा पाहायची म्हणून त्याने धुतलेला शर्ट घातला, व्हॅनच्या टपावर शिडी बांधली आणि वाटभर विचारत राहिला, तू पहिल्या बाकावर बसायचीस की शेवटच्या, तुला मार बसायचा का, मुलं तुझ्या मागे लागायची का.

“अहो, समोर बघून चालवा,” ती म्हणाली.

शाळा होती तशीच होती, फक्त लहान झाली होती. लहानपणी डोंगरासारखा वाटणारा जिना तिने सहज चढून टाकला. मुख्याध्यापिका वरच उभी होती. केस पांढरे, चष्मा साखळीला लावलेला, पण हसणं तेच, आधी खांदे हलायचे आणि मग आवाज यायचा.

“ये गं नाडे,” ती म्हणाली.

नवऱ्याने कान टवकारले. “काय म्हणालात?”

“म्हणजे तुम्हाला माहीत नाही? इतकी वर्षं संसार केलात आणि बायकोचं खरं नाव माहीत नाही?”

मग चहा झाला आणि चहाबरोबर ती गोष्टही झाली. शाळेच्या नाटकात ही डॉक्टर होती आणि मैत्रीण मरणाला टेकलेली पेशंट. डॉक्टरने पेशंटचा हात धरून एवढंच म्हणायचं होतं, की ‘तुमची नाडी फार मंद चालली आहे’. समोर सगळी शाळा, पालक, दिवे. डॉक्टरची जीभ टाळ्याला चिकटली. डाव्या विंगेत स्टूल टाकून नाटकाच्या बाई बसलेल्या असत. त्यांनी हळूच सांगितलं, “नाडी”. हिला ऐकू आलं नाही. त्यांनी जरा मोठ्याने सांगितलं. तरी ही ढिम्म. तिसऱ्यांदा बाई करवादल्या आणि तेवढं मात्र हिला स्वच्छ ऐकू आलं. तिने पेशंटचा हात घट्ट धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “नाडी, नाडी, अगं मठ्ठ, पुढे बोल.”

“मी मरणाला टेकलेली असून चादरीखाली अशी हसले,” मुख्याध्यापिका म्हणाली, “की पलंगाचा पाय मोडला.”

नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “आणि आता पडद्यांच्या नाड्या ओवते,” तो कसाबसा म्हणाला. “नाव सार्थ केलंस बाई.”

“बाई कशा आहेत?” तिने विचारलं. हसणं ओसरल्यावर तिला तेच पहिलं सुचलं.

“बाई गेल्या की. कधीच. तुला कळलं नाही?” मुख्याध्यापिकेने कप खाली ठेवला. “निवृत्त झाल्यावरसुद्धा प्रत्येक नाटकाला येऊन बसायच्या, त्यांच्या त्या स्टुलावर. कुणी बोलवायचं नाही, कुणी अडवायचंही नाही. अखेरीला अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी भेटायला गेले होते. ओळख राहिली नव्हती. पण मी बोलायला तोंड उघडलं, की त्यांचे ओठ आधी हलायचे. मी जे म्हणणार होते, तेच...” ती थांबली, मग उठली. “जाऊ दे. चला, तुम्हाला सभागृह उघडून देते. मला ऑफिसात बसायला हवं. काम झालं की हाक मारा.”

सभागृहाचं दार उघडलं तशी आतली हवा बाहेर आली. बंद पेटीसारखी. धूळ, जुनं लाकूड, उंदीर, आणि त्या सगळ्याच्या खाली, अगदी बारीक, लवंगेचा वास. बाई सतत लवंग चघळायच्या, घसा धरू नये म्हणून. तिला ते आठवलं आणि बरं वाटलं. वास मागे राहतातच कधी कधी, तिने मनाशी म्हटलं. मखमल तर वास धरून ठेवण्यात पटाईत.

दिव्याच्या खटक्यावर एकच दिवा लागला, तोही रंगमंचाच्या कडेचा. बाकीचं सभागृह अंधारात राहिलं. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले. बाहेर टळटळीत दुपार असेल असं आत कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. खुर्च्यांच्या रांगा पांढऱ्या कापडाखाली झाकल्या होत्या आणि कापडाला जिथे जिथे उंचवटा होता, तिथे कुणीतरी खाली मान घालून बसल्यासारखं दिसत होतं.

नवरा शिडी घेऊन उजव्या बाजूला गेला. ती टेप घेऊन डावीकडे आली. विंगेच्या आत काळोख होता. तिने पडद्याची किनार हातात घेतली. कापड जड होतं, थंड होतं, आणि बोटांखाली पावडरीसारखं झडत होतं.

टक.

लाकडावर नख वाजवल्यासारखा आवाज, तिच्या मागे, हाताच्या अंतरावर. मग कुजबुज. आवाज नव्हताच म्हणा ना, नुसता श्वासाला दिलेला आकार.

“केवढी ही धूळ... इथे शेती करता येईल.”

ती वळली. विंगेत कुणी नव्हतं. एक स्टूल होतं, भिंतीला टेकवलेलं.

“केवढी ही धूळ,” पलीकडून नवरा म्हणाला. “इथे शेती करता येईल.”

इमारत जुनी, सभागृह मोठं, आवाज घुमतो, असं कुणालाही वाटलं असतं. तिलाही वाटलं. टेप लावून तिने रुंदी मोजली, मग पुन्हा मोजली, कारण पहिला आकडा डोक्यात राहिलाच नाही. आणि दुसऱ्यांदा मोजताना तिच्या ध्यानात आलं, की घुमलेला आवाज नंतर येतो. आधी येत नाही.

टक. “माझा चष्मा तुझ्याकडे आहे का...”

तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. पण दुकानदारी केलेल्या बाईला घाबरायच्या आधी खात्री करून घ्यायची सवय असते. तिने घसा साफ केला आणि पलीकडे हाक दिली, “चष्मा तुमच्या डोक्यावर आहे.”

पलीकडून नवऱ्याचा आवाज, जरासा गोंधळलेला. “मी अजून विचारलं कुठे होतं?”

तिला आत कुठेतरी हसू आलं. डाव्या विंगेकडे पाठ न करता ती हळूहळू रंगमंचाच्या मधोमध आली. बाईंनी कधी कुणाचं वाईट केलं नव्हतं. विसरलात तर घाबरू नका, मी इथे आहे, असं म्हणायच्या त्या. ते वाक्य तेव्हा धीराचं वाटायचं.

नवरा आता शिडीवर चढला होता. वरच्या कप्प्या गंजल्यात का ते त्याला पाहायचं होतं. त्याचं डोकं दिव्याच्या उजेडाच्या वर, अंधारात गेलं होतं. खालून फक्त पाय आणि शीळ. मजेत शीळ घालत होता.

टक.

“धर... शिडी धर...”

तिने वर पाहिलं. शीळ चालूच होती. ती वाट पाहत राहिली. नवरा काही ते वाक्य बोलेना.

टक, टक. आवाज चढला. “धर, शिडी धर.”

आणि तिला बाईंची पद्धत आठवली. पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा मोठ्याने, तिसऱ्यांदा...

“अगं मठ्ठ, शिडी धर.”

हातातला टेप टाकून ती धावली. फळ्यांवर धूळ, पाय घसरत होते. तिने दोन्ही हातांनी शिडीचे खांब पकडले, अंगाचा सगळा भार दिला, आणि त्याच क्षणी शिडीचा पाय गुळगुळीत फळीवरून सुटला. तिच्या हातांना हिसका बसला. शिडी करकरली, थरथरली, आणि तिच्या छातीला टेकून थांबली.

“धर,” वरून नवऱ्याचा आवाज आला. शीळ कुठल्या कुठे गेली होती. “शिडी धर...”

“धरली आहे.”

“कधी?”

“तुम्ही सांगायच्या आधी. उतरा आता, सावकाश.”

तो उतरला आणि फळ्यांवरच बसला. चेहरा पांढराफटक. बराच वेळ या बोलक्या माणसाला एक शब्द सुचला नाही आणि विंगेतूनही कुणी सुचवला नाही.

परतीच्या वाटेवर तिने त्याला सगळं सांगितलं. तो हसेल अशी तिची अपेक्षा होती. तो रस्त्याकडे बघतच म्हणाला, “म्हणजे मी काय बोलणार ते तुला आधीच कळतं?”

“त्या तेवढ्या वेळापुरतं.”

“मला वाटत होतं, ते लग्नापासूनच कळतं.”

तेव्हा दोघंही हसली. हसता हसता तिने मागे पाहिलं. नमुना म्हणून उतरवून आणलेला जुना पडदा घडी घालून व्हॅनच्या मागच्या भागात ठेवला होता, लवंगेचा वास पुढपर्यंत येत होता.

तुम्ही म्हणाल, ती घडी तिथेच रस्त्यात टाकून द्यायला हवी होती. पण पडदेवाली ती. अस्तर कसं लावलंय, चुण्यांत कापड किती धरलंय, हे जुन्यावरूनच कळतं. तिने तो दुकानात आणून कापणीच्या टेबलाखाली ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलंच गिऱ्हाईक दारातून आत पाऊल टाकत होतं, तेव्हा टेबलाच्या लाकडावर नख वाजलं.

पहिले दोन दिवस तिला घाम फुटत होता. नंतर, का कोण जाणे, भीती झिजत गेली. बाई तिच्याच बाजूच्या होत्या. एक गिऱ्हाईक बाई नेहमी पाव तास घासाघीस करायची आणि शेवटी म्हणायची, ‘समोरचा याच्या निम्म्यात देतो.’ या वेळी ती खुर्चीत टेकायच्या आतच पडदेवाली म्हणाली, “समोरचा निम्म्यात देतो, पण अस्तर लावत नाही.” गिऱ्हाईक बाई उघडं तोंड घेऊन बसली आणि मुकाट्याने मापाचा कागद पुढे सरकवला. नवरा आत जाऊन तोंडात रुमाल कोंबून हसला. त्याला आता या प्रकाराचा नादच लागला होता. संध्याकाळी दुकान बंद करताना तो बायकोकडे पाहून म्हणायचा, “सांग बघू, मी आता काय म्हणणार?” आणि ती म्हणायची, “त्याला बाईंची काय गरज? भूक लागली म्हणणार.”

त्यांची मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती. आठवड्याला एकदा फोन करायची. जेवलीस का, हो. बरी आहेस ना, हो. काम काय म्हणतंय, चाललंय. एवढ्यावर दोघी थांबायच्या. आईचं मुलीवर प्रेम नव्हतं असं नाही, जीव होता तिच्यावर. पण आयुष्यभर तोंडात टाचण्या धरलेल्या बाईला ओठ उघडायची भीती वाटते, काही सांडेल की काय अशी. वडिलांनी फोन घेतला, की ते एकटेच बोलत सुटायचे आणि मुलीला जागाच मिळायची नाही.

त्या आठवड्यात फोन आला तेव्हा ती नव्या मखमलीला कडा घालत होती. जेवलीस का, हो. बरी आहेस ना, हो. मग नेहमीची ती शांतता. ‘ठेवते’ म्हणायची वेळ झाली.

टक.

“काम गेलं तर गेलं... तू घरी ये...”

तिचे हात थांबले. कसलं काम? कुणाचं गेलं? मुलगी काही बोलली नव्हती. हे वाक्य मुलीचं नव्हतं, नवऱ्याचंही नव्हतं. नवरा गोदामात होता. ते तिचं स्वतःचं होतं.

टक, टक. “काम गेलं तर गेलं. तू घरी ये.”

“काम गेलं तर गेलं,” ती म्हणाली. “तू घरी ये.”

पलीकडून असा आवाज आला, जो तिने मुलगी शाळेत जाणारी असल्यापासून ऐकला नव्हता. मुलगी रडत होती. तोंडावर हात धरून, पण रडत होती.

“तुला कुणी सांगितलं गं आई? मी कुणालाच बोलले नव्हते... महिना होऊन गेला.”

“एका बाईंनी,” ती म्हणाली, आणि पुढचं तिला कुणी सुचवावं लागलं नाही. कधी निघतेस, सामान जास्त आहे का, बाबांना स्टेशनवर पाठवते, तुझी खोली झाडून ठेवते. त्या दिवशी दोघी इतकं बोलल्या, की गोदामातून आलेला नवरा दारातच उभा राहिला आणि हातानेच विचारू लागला, कोण आहे, कुणाशी बोलतेयस एवढं.

नवा पडदा तयार झाला तेव्हा मुलगी घरी आली होती. तिघं मिळून शाळेत गेली. मुलीने शिडी धरली, घट्ट, दोन्ही हातांनी, वडील कितीही चिडले तरी सोडली नाही. पडदा वर चढला, दोरी ओढली तसा सरसरत उघडला, आणि मुख्याध्यापिकेने रिकाम्या सभागृहात एकटीने टाळ्या वाजवल्या. त्यांनी परत आणलेला जुना पडदा शाळेने भंगारवाल्याला देऊन टाकला. तो हातगाडीवर गेलेला तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, फाटकाबाहेर, वळणापर्यंत.

निघण्याआधी ती एकटी डाव्या विंगेत गेली. नव्या मखमलीचा कोरा वास येत होता. दुसरा कुठलाच नाही. स्टूल भिंतीपाशी होतं. तिला काय म्हणावं ते सुचेना, आणि कुणी सांगेलशी आशाही वाटेना.

“पोरगी आली, बाई,” शेवटी ती म्हणाली. “बरं झालं सांगितलंत.”

उत्तर आलं नाही. तिला थोडं चुकल्यासारखं वाटलं, थोडं हलकंही.

मुलांचं नाटक उत्तम झालं म्हणून मैत्रिणीचा फोन आला. घरात रोज काही ना काही चालू होतं. मुलीने दुकानाच्या खिडकीची मांडणी बदलली, त्यावरून वडिलांशी रोज वाद घातला, आणि वाद झाल्यावर दोघंही एका ताटात जेवली. आईला नवऱ्याचं बोलणं पुन्हा नवं वाटायला लागलं. म्हणजे तसं फारसं नव्हे, पण निदान त्याने तोंड उघडल्यावरच ते कळायचं.

एका रविवारी दुपारी तिघंही जेवायला बसली होती. खिडकी उघडी, टेबलावर ऊन आलेलं. नवरा त्या घासाघीस करणाऱ्या बाईची नक्कल करत होता आणि मुलीला हसून हसून ठसका लागला होता. आई तिला पाणी ओतून देत होती.

टक.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर. तिच्या पाठीमागे.

हातातला तांब्या तसाच राहिला. इथे कसं? पडदा तर गेला. आणि मग कुजबुज आली, ओळखीची, शांत.

“आई... त्या कधीच्या उभ्या आहेत...”

नवरा बोलतच होता. मुलगी हसतच होती, ठसका आवरत, डोळे पुसत. तिचं लक्ष ताटात होतं. हे वाक्य कुणाचं ते कळायला वेळ लागला नाही. या घरात ‘आई’ म्हणणारं एकच माणूस होतं.

ती मोठ्याने बोलायला लागली. मीठ बरोबर झालंय का, अजून वाढू का, उद्या तुमची व्हॅन दुरुस्तीला न्यायची आहे ना. सुचेल ते. आयुष्यात इतकं सलग ती कधी बोलली नव्हती. नवरा नक्कल अर्धी टाकून तिच्याकडे बघायला लागला.

टक, टक. “आई, त्या कधीच्या उभ्या आहेत.”

“तू जेव,” ती मुलीला म्हणाली. “खाली बघ. ताटात बघ... जेव.”

तिसरा टकटकाट झाला नाही. त्याऐवजी पाठीमागच्या फरशीवर काहीतरी हळूच सरकलं, आणि लवंगेचा वास आला, गरम, कुणाच्या तरी तोंडातून यावा तसा.

मुलीचं हसू थांबलं. तिने मान वर केली. आईच्या खांद्यावरून ती दाराकडे पाहत राहिली, मग तिथून जरा डावीकडे, मग पुन्हा दाराकडे, जणू तिथे एकच माणूस नव्हतं, सभागृहातल्यासारखी रांग होती.

“आई,” ती सावकाश म्हणाली, “त्या कधीच्या उभ्या आहेत. खुर्च्या आहेत ना आपल्याकडे सगळ्यांना पुरतील एवढ्या?”